सातवा मसुदा नको

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव सापडेना. रस्ता रोजचाच, वळण रोजचंच. पुढे मात्र घरांच्या जागी नुसता चिखल. गाव गाडलं गेल्याची खबर जगाला त्याच्याकडूनच लागली. १५१ माणसं गेली.

बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, त्याच पश्चिम घाटात वायनाडला डोंगर खाली आला. मृतदेह काढण्याचं काम चालू असतानाच ३१ जुलैला केंद्र सरकारने घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. अंतिम नव्हे, मसुदा. २०१४ पासूनचा सहावा.

मधल्या काळात आपल्याकडे २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये गेलं, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हती. प्रत्येक दरड माणसानेच पाडली असं मी म्हणणार नाही. पाऊसही तसाच कोसळतो. पण उतार कोणी कापला, याचा जाब विचारायलाच हवा.

जुलैत घाटातल्या दाट झाडीत उभे राहा. थेंब आधी पानावर फुटतो, मग खोडावरून ओघळतो आणि पालापाचोळ्यात जिरतो. खाली कारवीच्या मुळांनी माती आवळून धरलेली असते. ते पाणी सावकाश झऱ्याला लागतं, म्हणून उन्हाळ्यातही हंडा भरतो. आता शेजारचा जेसीबीने कापलेला उतार बघा. लाल मातीची उभी भिंत, पायथा पोखरलेला आणि वरचं पाणी थेट भेगेत. धरण, पूल, रस्ता यांना सरकार पायाभूत सुविधा म्हणतं. मग कृष्णा, गोदावरी जिथे उगम पावतात तो डोंगर काय आहे?

हा घाट कसा राखायचा याचा अहवाल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्येच दिला होता. तो दडवून ठेवला गेला आणि माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०१२ मध्ये लोकांसमोर आला. तोवर गावोगाव भीती पोहोचली होती, की तुमची शेती जाणार, घर बांधता येणार नाही. खरं तर ग्रामसभेला विचारून निर्णय घ्या, असं तो अहवाल सांगत होता. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र बरंच कमी केलं. सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर आहे, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० च्या आसपास. बंदी आहे ती खाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प आणि नव्या अतिप्रदूषक कारखान्यांवर. नांगरावर नाही. मग राज्यं गावं वगळून मागतात ती कोणासाठी?

दरड कोसळली की मंत्री येतात, वारसांना लाखांची मदत जाहीर होते, पुनर्वसनाची वसाहत उभी राहते. हे करायलाच हवं. पण त्यातला थोडा पैसा आधी डोंगरावर खर्च करा. उघडे उतार स्थानिक झाडांनी भरा, देवराया राखणाऱ्या गावांना त्याचा मोबदला द्या, उतारावरच्या खाणी बंद करा. मेलेल्या माणसाला कितीही लाख दिले तरी तो घरी येत नाही.

सातवा मसुदा नको. पुढच्या पावसाआधी अंतिम अधिसूचना काढा.