वाढत्या अंगाची आठवण

ऐंशीच्या दशकातल्या कपड्यांच्या आठवणींचं सध्या पेव फुटलंय. सैल लेंगा, सुती बंडी, पट्ट्यापट्ट्याची चड्डी. काय ते सुख, काय तो मोकळेपणा! जीन्सचं बटण पोटाखाली कसंबसं कोंबून साठीतले गृहस्थ हे सांगतात, तेव्हा त्यांचे डोळे पाणावतात. गहिवराने की बटणाने, कळत नाही.

पण मंडळी, ते कपडे सैल का होते, आठवतंय का?

शिंप्याकडे वडील माप सांगत नसत, धोरण सांगत: ‘वाढत्या अंगाचं शिवा.’ खांदा कोपराच्या दिशेने उतरलेला, पँटला आतून चार बोटं दुमड. दर जूनला दुमड थोडी उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग पट्ट्यासारखा दिसायचा आणि पोरगं किती वर्षं तीच पँट वापरतंय, ते अख्ख्या वर्गाला कळायचं. अंग वाढून कपडा एकदाचा बेताचा झाला, की तो धाकट्याला.

धाकट्याला पुन्हा सैल.

वर सगळ्या भावंडांचे शर्ट एकाच ताग्यातले. दिवाळीच्या फोटोत अख्खं घर म्हणजे बँडपथक. उरलेल्या तुकड्यातून उशीचा अभ्रा. याला आवडनिवड म्हणायची?

सुतीचंही तेच. आवडायचं म्हणून नव्हे, घरात यायचं म्हणून अंगावर चढायचं. पहिला पगार हातात पडल्यावर हेच सुतीप्रेमी कुठे धावले? टेरिकॉटकडे. मे महिन्यात, दुपारी, लग्नाच्या मांडवात सफारी सूट! घाम आत, रुबाब बाहेर. इस्त्री मोडत नाही, याचं कोण कौतुक. माणूस मोडला तरी चालेल.

1982 सालच घ्या. 18 जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. गिरणगावातले भोंगे थंडावले, तेव्हा सुती कापडासाठी किती जण हळहळले? आपण तर चकचकीत शर्टपीसचा पोत बोटांनी चाचपत होतो.

आता लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे. जा, शोधा तिथे सुती लेंगा. मिळेल की. ज्या परिसरात कापड विणलं जायचं, तिथे ते आता वातानुकूलित काचेमागे टांगलेलं असतं. किंमत बघितली की चालू दशकही सुसह्य वाटायला लागतं.

आणि नाडी? तिच्या आठवणीने कुणी व्याकूळ झालेलं दिसत नाही. सकाळची घाई, आणि नाडीचं एक टोक नेफ्यात गुडूप. मग टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती इंच-इंच पुढे सरकवायची. अर्ध्या वाटेवर पिन आतल्या आत उघडायची. इलास्टिक आलं त्या दिवशी नाडीसाठी कुणी सुतक पाळलं?

शिवाय हा सगळा गहिवर पुरुषी बरं का. त्याच दशकातल्या बायकांना विचारा. परकराची नाडी रुतून कमरेला पडलेला काळा वळ सांगतील. पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत तीच पाचवारी, तोच खोचलेला पदर.

मग घरोघरी गाऊन आला. फुलाफुलांचा, घोळदार. नशीब थोर असेल तर खिसासुद्धा! त्या काळातला खरा ऐसपैस कपडा कुठला असेल, तर हा. पण त्याच्या वाट्याला काय आलं? टिंगल. आणि दाराची बेल वाजली की घाईघाईने खांद्यावर टाकलेला टॉवेल.

2014 मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवलीत दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला 500 रुपये दंड, असा फतवाच निघाला. काढणारं मंडळही महिलांचंच. बनियन-लेंग्यावर नाक्यापर्यंत जाऊन, पोट खाजवत राजकारणावर बोलणाऱ्याला किती दंड?

त्याचा दर काही ठरला नव्हता.