पायाळू काका

जबलपूरच्या मराठी मंडळींत एखादा पायाळू काका निघतोच. गोलबाजारात विचारा, नाहीतर नेपियर टाऊनमध्ये. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढंच त्याचं वैद्यकीय शिक्षण. त्या जोरावर त्याने गन कॅरेज फॅक्टरीतली नोकरी सांभाळून आयुष्यभर फुकट दवाखाना चालवलेला असतो.

उसण भरलेला शेजारी वाकडा होत दारात येतो. "काकाजी, कमर में चमक आ गई." काका पेपर बाजूला ठेवतात, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करतात आणि उजवं पाऊल कंबरेला तीनदा लावतात. याला लाथ म्हटलेलं त्यांना खपत नाही. "हो गया बड़े, अब घर जाओ." फी नाही. खोव्याची जिलेबी कुणी आणलीच, तर परत पाठवत नाहीत.

साधी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण सुटते. श्रेय काकांच्या पायाला. नाही सुटली, तर रोग्याची श्रद्धा कमी पडली. लोकांच्या मणक्यांना न भिणारे हे काका पावसाळ्यात ढग गडगडले की मात्र घरातून हलत नाहीत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात.

मुरगळलेल्या पायाचं खातं वेगळं. तिथे आंबेहळद आणि रक्तचंदनाचा गरम लेप, वर दणदणीत मालिश. त्यांची पुतणी फिजिओथेरपिस्ट. ती ओरडते, "काका, पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणं तर नकोच! क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा, आणि सोसेल तशी हालचाल लवकर सुरू करा."

"आणि बर्फ?"

इथे बिचारी खरं बोलून फसली. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी 1978 साली मांडलं. बर्फाने नि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं, असं 2014 च्या सुमारास त्यांनीच लिहिलं. बर्फ आता दुखणं कमी करण्यापुरता.

"बघ! तुझ्या डॉक्टरनं शब्द फिरवला. मी कधी पाय फिरवला?"

तिचं एक मात्र काकांनी उचललं. मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर लेप नाही, आधी एक्स-रे. हा नियम ते आता स्वतःचा म्हणून सांगत फिरून राहिले आहेत. सांगू देत, तेवढा मात्र ऐका.