दुसऱ्या स्लॉटमधल्या महाशयांस

मा. रॅमसाहेब,
मुक्काम मदरबोर्ड, स्लॉट क्र. 2,
जीआयडीसी, वाघोडिया, जि. वडोदरा.



सर्वप्रथम आपले अभिनंदन. एका कारखान्याच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये आपण सुखाने नांदत होतात, लहर लागेल तेव्हा पडदा निळा करत होतात, आणि तरीही आपलं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. दोष आधी व्हायरसला मिळाला, मग टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला. त्यानंतर अकाउंटंटच्या भाच्याला, कारण त्याने एकदा या मशिनवर पेनड्राइव्ह लावून सिनेमा पाहिला होता. पोरगं बिचारं अजून ऑफिसात पाय ठेवत नाही. शेवटी शेठनी आमच्या धंद्यातला सर्वमान्य निकाल दिला, "फॉरमॅट मारी दो."

विंडोजची डीव्हीडी घातली, तर आपण तिलाही सोडलं नाहीत. चिन्ह आलं, टिंबं गोल फिरली, फाइली उघडता उघडता टक्केवारी जरा पुढे सरकली आणि निळा पडदा! "सीडी ज खराब छे," शेठ म्हणाले. (वाघोडियात गोल आणि चकचकीत दिसेल ती प्रत्येक वस्तू सीडीच असते.) मग डीव्हीडी शर्टाच्या बाहीने पुसण्यात आली, तीही गोल गोल. ती मधून कडेकडे सरळ पुसायची असते, हे सांगेपर्यंत तिच्यावर नवे चरे उठले होते.

पण साहेब, आपण जरा जास्तच माज केलात. डिस्कवरून सुरू झालेला कॉम्प्युटर हार्ड डिस्कवरच्या जुन्या विंडोजचं काहीच चालवत नाही. म्हणजे त्या क्षणी व्हायरस सुटला, टॅली सुटली, भाचाही सुटला. उरले मोजके संशयित: डिस्क, ड्राइव्ह, वीज देणारा एसएमपीएस, उष्णता, बायॉसची सेटिंग आणि आपण. तीच डिस्क शेजारच्या मशिनवर मुकाट चालली. इथे पेनड्राइव्हवरून विंडोज चढवायला गेलो, तरी पडदा निळाच. एसएमपीएस दुसरा लावून पाहिला. पंख्यात अडकलेली धूळही काढली. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ती निघते तेवढी निघाली. फरक शून्य.

बायॉसचा मात्र पूर्वेतिहास चांगला नाही, म्हणून त्याची झडती नीट घेतली. विंडोज एक्सपीच्या जमान्यात डिस्कवरून बसवताना कोसळणाऱ्या मशिनमागे बऱ्याचदा तोच असायचा. 2001 च्या एक्सपीला साटा हार्ड डिस्कची एएचसीआय पद्धत ठाऊकच नव्हती. त्यामुळे नव्या मदरबोर्डवर सेटअप सुरू झाला, की ठरल्या जागी निळा पडदा, स्टॉप 7बी. सुटकेचे मार्ग दोन: बायॉसमध्ये आयडीई निवडा, नाहीतर सुरुवातीलाच एफ6 दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्या. फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या मशिनला फ्लॉपी! पण त्या गुन्हेगारात एक सचोटी होती. तो दर वेळी तोच नंबर दाखवायचा. आपण एकदा 'मेमरी मॅनेजमेंट' म्हणालात, पुढच्या वेळी 'पेज फॉल्ट', नंतर 'आयआरक्यूएल'चं काहीतरी. दर वेळी जबाब बदलणारा साक्षीदार दिसला, की आमच्या धंद्यातला माणूस कॅबिनेटचा स्क्रू काढतो आणि रॅम उपसतो.

आपण चार जीबींचे. म्हणजे सुमारे 3,436 कोटी बिट. त्यातला बिघडलेला बहुधा एखादाच, आणि तोही वरच्या टोकाला. रोजचं बिल, व्हाउचर, लेजर एवढ्या कामाला त्या टोकाची पाळी क्वचितच यायची. शेवटच्या कपाटातली फाइल कोणी मागत नाही, तोवर कारकून इमानदारच ठरतो, तसं आपलं चाललं होतं. विंडोजचा सेटअप असा भिडस्त नसतो. 2007 मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तो एक अख्खी छोटी विंडोज आधी रॅममध्ये चढवतो आणि मग दाबून भरलेल्या फाइली तिथेच उलगडतो. दाबलेल्या फाइलीत एक बिट फिरला, तरी पुढचं सगळं भलतंच निघतं.

आपल्या खानदानाची कीर्तीही मोठी आहे. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या जातभाईंपैकी 8 टक्क्यांहून अधिक जणांनी वर्षभरात निदान एकदा तरी चूक केलेली आढळली. पण तिथे ईसीसी असते, दर 64 बिटांवर 8 जादा बिटांचा पहारा. आमच्या शेठच्या मशिनला हा पहारा परवडत नाही. खरं तर कंपन्या साध्या मशिनसाठी तो सहसा देतच नाहीत. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स 2021 मध्ये यावरून जाहीरपणे चिडला होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, त्याच्या स्वतःच्या मशिनमधली रॅम गेली आणि त्यालाही आधी संशय आला तो लिनक्सच्या कर्नेलमधल्या नव्या बदलांचा. तेव्हा आमच्या शेठनी भाच्यावर संशय घेतला, यात काय नवल!

आपल्याला बोलतं केलं मेमटेस्ट नावाच्या प्रोग्रामने. त्याला विंडोज लागत नाही, हार्ड डिस्कही लागत नाही. पेनड्राइव्हवरून उठतो आणि प्रत्येक जागी एक नमुना लिहून तोच परत वाचतो; फरक दिसला की लाल ओळ. आधी दोन्ही स्लॉटमधल्या दोघांना एकत्र बसवलं, तर लाल ओळी. पहिल्या स्लॉटमधल्या आपल्या भावाला एकट्याला बसवलं, तर जेवण करून परत आलो तरी एकही लाल ओळ नाही. मग आपल्याला एकट्याला त्याच्या जागी बसवलं, म्हणजे स्लॉटला बोल लावायची सोय नको. सोनेरी दातांवरून खोडरबरही फिरवला, कारण कधी कधी दोष नुसत्या मळाचा असतो. तरी लाल ओळी आल्याच, आणि दर फेरीत पत्ता तोच.

विंडोज आपल्यावाचून पहिल्याच फटक्यात बसली. पण माझी खरी चीड निराळीच आहे. इतके महिने आपण नुसती मशिन पाडत नव्हतात. टॅलीचा आकडा हार्ड डिस्कवर उतरण्याआधी आपल्याच हातून जात होता. एखाद्या आकड्यात बिट फिरला असेल, तर त्यावर निळा पडदा येत नाही, तो आकडा चुपचाप सेव्ह होतो. जीएसटीचं विवरणपत्र 20 तारखेच्या आत भरायचं आहे आणि अकाउंटंट आता जुनी बिलं एकेक करून ताडून बघतोय. बॅकअपही याच मशिनवर घेतलेले.

आपण आलात सेकंडहँड, बिलाशिवाय, "चेक करेली छे" या तोंडी हमीवर. आपल्या पाठीवर मी मार्करने फुली मारली आहे आणि दातांची एक बाजू पक्कडीने मोडली आहे, कारण शाबूत रॅम परत दुकानात गेली की पुसून पुन्हा काउंटरवर येते.

वाचकहो, जुनी रॅम घ्यायची असेल तर दुकानातच मेमटेस्टची एक पूर्ण फेरी लावून दाखवायला सांगा. दुकानदार "टाइम नथी" म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि उठून या.

आपला नव्हे,
पण आपल्यामुळेच पोट भरणारा,
एक बडोदेकर कॉम्प्युटरवाला