नाना गेम खेळत नाहीत

नाना गेम खेळत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना मोबाइलवरून नजर उचलत नाहीत, कारण नेमक्या तेव्हाच चार लाल गोळ्या एका ओळीत यायच्या बेतात असतात. न खेळता त्यांनी कँडी क्रशच्या चार हजारांवर लेव्हल पार केल्या आहेत. बँकेत टोकन घेऊन बसल्यावर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, लग्नात पहिली पंगत उठेपर्यंत ते अखंड गेम खेळत नसतात. नातवाने बीजीएमआय हा बंदुकांचा गेम उघडला की ‘डोळे जातील’ हा शाप मात्र त्याच स्क्रीनआडून येतो. असे नाना घरोघरी आहेत. काही घरांत त्यांना काकू म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की घरातला पक्का गेमर नातू नव्हे, नाना आहेत. नाकारणं हा त्यांच्या खेळाचाच भाग आहे.

पुरावा घ्या. २०१२ साली आलेल्या कँडी क्रशमध्ये पाच लाइफ मिळतात. एक गेली की परत यायला अर्धा तास लागतो, पाचही गेल्या तर अडीच तास. नानांची दुपारची झोप, चहा आणि कोपऱ्यापर्यंतचा फेरफटका मिळून बरोबर अडीच तास होतात. हा योगायोग मानायचा असेल तर माना. घड्याळ पुढे सरकवलं की लाइफ लवकर भरतात, ही या खेळातली जुनी युक्ती नानांनी एकदा केली आणि तारीख मागे आणायला विसरले. मोबाइलवर तिथी पाहणाऱ्या नानींची संकष्टी एक दिवस आधी घडली, आणि खापर फुटलं ते मोबाइल कंपनीवर. नातवाची शिस्त यापुढे फिकी आहे, शिवाय ती लादलेली आहे. मे २०२३ मध्ये बीजीएमआय बंदीनंतर परतला तो अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालूनच. नानांना मर्यादा नाही. गेम न खेळणाऱ्याला ती घालणार तरी कशी? २०१४ साली एक ब्रिटिश खासदार संसदीय समितीत, तेही पेन्शनवर चर्चा चालू असताना, कँडी क्रश खेळताना छायाचित्रात सापडला होता. त्याने निदान कबूल तरी केलं.

यावर म्हटलं जातं, की हा गेम नव्हेच, बोटांना चाळा आहे. असं म्हणणाऱ्याने मोजक्या चालींत जेली फोडून दाखवावी. कलर बॉम्ब कधी फोडायचा आणि कधी राखून ठेवायचा याचा नाना जेवढा विचार करतात, तेवढा त्यांनी मुदत ठेवी मोडताना केला नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या कंपन्या सवय लावून पैसे काढतात. खरं आहे. कँडी क्रश बनवणारी किंग ही कंपनी ५.९ अब्ज डॉलरना विकली गेली, ती काही गोळ्यांच्या रंगावर भाळून कोणी घेतली नाही. पण ते गणित अधीर माणसांवर चालतं. अडीच तास थांबवेना म्हणून माणूस लाइफ विकत घेतो. नाना दमडी न देता थांबतात. त्या हिशेबात पेन्शनर म्हणजे शुद्ध तोटा.

मग लपवतात का? नोकरीच्या काळात हेच नाना लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमी खेळत, आणि तेव्हा लपवत नव्हते. चार माणसं असली की खेळाला खेळ म्हणायची मुभा असते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये डब्यातले जुने गडी नवी मुंबईत तयार झालेल्या लुडो किंगवर पुन्हा जमले, तेव्हाही ‘आज सोंगटी घरात घातली’ असं नाना जेवताना मोठ्याने सांगत. लॉकडाउन उठलं, गडी पांगले. एकट्याने खेळणं त्यांच्या पिढीच्या हिशेबात रिकामटेकडेपणाच, म्हणून नाना गेम खेळत नाहीत. या माणसावर चिडावं तरी किती! लाइफ संपली की ते नात्यातल्या सगळ्यांकडे मागतात, न्यूजर्सीतल्या मुलाकडेही, आणि मुलाने नोटिफिकेशन बंद केलेली असतात. २०१५ साली दिल्लीच्या आयआयटीत फेसबुकचा मार्क झुकरबर्ग आला, तेव्हा त्याला विचारायच्या प्रश्नांत सर्वाधिक मतं याच प्रश्नाला होती: कँडी क्रशची ही आमंत्रणं थांबवायची कशी? उपाय करतो म्हणाल्यावर टाळ्या पडल्या. मुलाचं गाऱ्हाणं थेट मालकापर्यंत पोचलं. नानांनी तक्रार केली असती, पण ते गेम खेळत नाहीत.