कडू, खाजरं, तिखट

पाऊस लागला की खान्देशातल्या पिंपळनेरच्या आसपास अशा भाज्या ताटात येतात, ज्यांनी आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून लाखो वर्षं खटपट केलेली असते.

शेवळं घ्या. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. नीट न शिजवता खाल्ली की घसा असा खाजतो की खाणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. कडू कंदाने सरळ विषच जवळ केलं. कुणी लव राखली, कुणी काटे. यातलं काही कुणी ठरवून केलं नाही. ज्यांना खाल्लं गेलं नाही, त्यांची पोरंबाळं उरली, एवढंच. रानात इतके प्रकार दिसतात त्याचं एक कारण हेही, की खाणाऱ्याला चुकवायची रीत ज्याची त्याची वेगळी.

आणि मग चुलीपाशी बसलेली आजी शेवळांत मूठभर आंबट काकडं नाहीतर चिंच टाकते. कंदाचे काप उकळून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवते. लाखो वर्षांचा बंदोबस्त सकाळपर्यंत वाहून गेलेला!

पिंपळनेरजवळच्या बारीपाड्यात तर वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. चैत्राम पवार (२०२५ चे पद्मश्री) आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी करून ४०० हेक्टरांहून जास्त रान राखलं, म्हणून ही चैन. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत पेपर खाता येत नाही. इथे परीक्षकांना तो खावाच लागतो.

सगळ्यात मोठी फजिती मिरचीची. तिच्यातलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांची जीभ पोळतं, पाखरांना मात्र ते जाणवत नाही. उंदीर बिया चावून टाकतात, पाखरं त्या अख्ख्या दूर नेतात. तेव्हा तिखट असणं फायद्याचंच होतं. अमेरिकेत माणूस भेटेपर्यंत हे लाखो वर्षं सुरळीत चाललं. मग पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली आणि खान्देशातही तिची गाठ अशा सस्तन प्राण्याशी पडली, जो नाक पुसत पुन्हा रस्सा मागतो. बेत फसला म्हणावं, तर नंदुरबारच्या पथाऱ्यांवर नजर पोहोचेल तिथवर मिरचीच वाळत असते. एवढ्या लांब तिला कुठल्या पाखराने आणलं असतं?

शेवभाजीच्या पंगतीत हे सांगायला तोंड उघडलं, तर वाढणाऱ्या मावशींनी त्यातच पळी रिकामी केली. ‘‘जास्त तिखट नही शे. ल्या अजून.’’