वरच्या क्रमांकाचा रिकामटेकडा

सोसायटीत कुणाचाही कॉम्प्युटर ‘स्लो’ झाला की बोलावणं मला येतं. मला त्यातलं नेमकं किती कळतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही आणि आपण होऊन तो विषय काढायला मी काही हरिश्चंद्र नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एका हाताने, न बघता दाबता आली की निम्मी प्रतिष्ठा तिथेच पदरात पडते. टास्क मॅनेजर उघडतो. ‘परफॉर्मन्स’वर क्लिक केलं की आलेख सरकू लागतात आणि मागे उभी असलेली मंडळी आवाज खाली आणतात. मी चष्मा कपाळावर चढवून नुसतं “हं” म्हणतो.

प्रेक्षक फारच जाणकार निघाले, तर विंडोज आणि आर दाबून ‘परफमॉन’ टाइप करायचं. हा परफॉर्मन्स मॉनिटर १९९३च्या विंडोज एनटीपासूनचा. टास्क मॅनेजर त्याच्यापेक्षा धाकटा. डेव्ह प्लमर या प्रोग्रॅमरने लिहिलेला, १९९६ साली एनटी ४.० बरोबर आला. शिवाय विंडोजमध्येच रिलायबिलिटी मॉनिटर असतो. कोणता प्रोग्रॅम कोणत्या तारखेला कोसळला, हे लाल फुलीनिशी मांडून तो कॉम्प्युटरला दहापैकी गुण देतो. आमच्या धाकट्या आत्याकडे सगळ्या नातेवाइकांची अशीच नोंद आहे, फक्त तिच्या हातून दहापैकी दहा कधी कुणाला मिळाले नाहीत.

पण माझा जीव जडलाय तो सिस्टीम आयडल प्रोसेसवर. ‘डिटेल्स’मध्ये जाऊन सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यांत वर हा, कधी ९५ तर कधी ९८ टक्के घेऊन बसलेला. पहिल्यांदा बघणारा हमखास ओरडतो, “अहो, हाच खातोय सगळं! बंद करा त्याला!” तो बंद होत नाही. त्याचा प्रोसेस आयडीच शून्य. ते टक्के त्याने खाल्लेले नसतात, प्रोसेसरला काम नाही म्हणून उरलेले असतात. बरं, हा नुसता बसूनही नसतो. हातात काही नाही असं दिसलं की तो प्रोसेसरला विश्रांतीला धाडतो, म्हणून मशीन थंड राहतं आणि लॅपटॉपची बॅटरी टिकते. म्हणजे काही न करणं हेसुद्धा कुणीतरी जबाबदारीने पार पाडावं लागतं! हे पद निवडणुकीने मिळत असतं, तर मी आमच्या सोसायटीत बिनविरोध आलो असतो.

लेख उशिरा गेला की संपादकांना मी “कॉम्प्युटर फार स्लो झालाय हो” असं सांगत आलो. त्या सबबीला वजन यावं म्हणून पदरचे पैसे घालून आठची रॅम सोळा जीबी केली. आता हाच टास्क मॅनेजर माझ्याविरुद्ध साक्ष देतो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी ठोके देतो, आणि मी एका विशेषणापाशी चहा निवेपर्यंत अडून बसतो. तेवढा वेळ तो बिचारा आयडल.

माझं हसण्यावारी नेता येतं. माझी भाची घरून काम करते. तिच्या लॅपटॉपवर ऑफिसने बसवलेला एक प्रोग्रॅम कीबोर्ड आणि माउसची हालचाल मोजत असतो. एखादं अवघड कोडं सुटेना म्हणून ती खिडकीबाहेर बघत विचार करू लागली, की तिच्या नावापुढे ‘आयडल’ लागतं. मग पोरगी विचार सोडते आणि माउस हलवत बसते. इतकी शिकलेली मुलगी माउस हलवायला ठेवायची, याचा मला संताप येतो. सीपीयूचा आलेख सीपीयूपुरता ठीक आहे. डोक्यात काय चाललंय, ते माउसला कुठून कळणार?

असो. तुमचा कॉम्प्युटर खरंच रखडत असेल तर मला बोलावण्याआधी एवढं करा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन, न बोलावता मशीनबरोबर उठणारे नको ते प्रोग्रॅम डिसेबल करा. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून वरचे दोन-तीन कोण आहेत ते बघा. बहुतेक वेळा तिथे ब्राउझर सापडेल, त्याचे महिनोन्‌महिने उघडे ठेवलेले टॅब मिटा. सिस्टीम आयडलच्या वाटेला मात्र जाऊ नका. वरच्या जागी बसूनही कुणाचं काही न खाणारा माझ्या माहितीत तो एकटाच आहे.