भावांची ओवाळणी

लाडकी बहीण योजनेत महाराष्ट्रातल्या 21 ते 65 वयाच्या बहिणींना जुलै 2024 पासून महिन्याला 1500 रुपये लागू झाले. एवढ्यात बाई स्वावलंबी होते असं फ्लेक्सवर छापलंय. शेजारी सत्तेतले तीन हसरे भाऊ आहेत, तेव्हा खरंच असावं. निवडणुकीत ओवाळणीचं आश्वासन 2100 वर गेलं, निकालानंतर भावांना अचानक तिजोरी दिसू लागली.

मग आली ई-केवायसी. बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून नवऱ्याचं, नाहीतर बापाचं आधार कार्ड मागितलं. नवरा वारलेला, बापही गेलेला, अशी बाई सेतू केंद्राच्या पायरीवर ओटीपीची वाट बघत बसली. खुरपणीचा रोज बुडाला तो वेगळाच. हजारो पुरुष मात्र तोवर बिनबोभाट बहिणी होऊन पैसे उचलून मोकळे झाले होते.

तरी त्या पैशांतून गॅसची टाकी येते, पोरीची फी भरली जाते, तीही नवऱ्यापुढे हात न पसरता. हे भावांच्या भाषणांपेक्षा मोठं आहे.

योजना गावोगावी कुणी पोचवली, हे अंगणवाडीताईंना विचारा. रात्री जागून अर्ज त्यांनी भरले, तेही अर्जामागे 50 रुपयांच्या बोलीवर.